नेव्हरच्या खोलीचं कुलूप

आमच्या बाई बसायच्या नाहीत. वर्गात खुर्ची होती, लोखंडी, हिरवी, पाठीवर शाळेचं नाव रंगवलेली. पण तिच्यावर पाण्याची कळशी ठेवलेली असायची. बाई चहा उभ्याने प्यायच्या, डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवून उभ्यानेच खायच्या, आणि हजेरी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत घ्यायच्या. ज्याचं नाव बाई लांबच्या टोकाला असताना यायचं, त्याला 'हजर' जिवाच्या आकांताने ओरडावं लागे. माझं नाव नेमकं तिथेच यायचं. आज मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये शिफ्ट इनचार्ज आहे, आणि या टोकावरून त्या टोकाचा माणूस बोलवायला मला माइक लागत नाही. लोक म्हणतात, बाईमाणसाला एवढा आवाज शोभत नाही. न शोभू दे.

बाईंचा स्वतःचा आवाजही तसाच. त्या भिवंडी शहरातल्या, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेल्या. घराची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. "आमच्याकडे खटखट थांबली की लोक दचकून उठायचे," त्या सांगायच्या. "लाइट गेली का, पट्टा तुटला का, कुणाचा हात अडकला का. शांत म्हणजे कायतरी बिघडलं." आणि अशा बाईंची नेमणूक झाली आमच्या पाड्यावर! दिघाशीच्याही पुढे, डोंगराच्या अंगाला, जिथे दुपारी कोंबडं आरवलं तरी माणसं वर बघायची. ती शांतता बाईंना पहिल्या दिवसापासून मानवली नाही. तिचा त्यांनी आमच्याकडून बंदोबस्त करून घेतला.

इंग्रजीतले वेळेचे शब्द त्यांनी आम्हाला पळवून पळवून शिकवले. फळ्यावर लिहायचं आणि पोरांनी घोकायचं, याचा आमच्याआधी त्यांनाच कंटाळा यायचा. म्हणून त्यांनी शाळेचं सगळं आवार शब्दांना वाटून दिलं. झेंड्याचा खांब म्हणजे ऑलवेज, कारण तो नेहमी तिथे असायचा. नळ म्हणजे समटाइम्स, कारण पाणी कधी यायचं, कधी नाही. खिचडीची चूल म्हणजे सून, फाटक म्हणजे लेट. मागची भिंत यस्टरडे, रस्त्याकडचा दरवाजा टुमॉरो. आणि व्हरांड्याच्या टोकाची कॉम्प्युटरची खोली म्हणजे नेव्हर.

त्या खोलीत कॉम्प्युटर होता अशी वदंता होती. मी पहिलीत यायच्या आधी कधीतरी तो टेम्पोतून आला, आत ठेवला, कुलूप लागलं आणि चावी कुणाकडे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, विषय निघाला की "वरून आदेश यायचाय" म्हणायचे. आम्ही खिडकीच्या फटीतून आत बघायचो. काही दिसायचं नाही.

बाई प्रश्न विचारायच्या आणि पोरांनी उत्तराच्या जागी पळत जाऊन, तिथून पूर्ण वाक्य ओरडायचं. जागेवर बसून दिलेलं उत्तर त्या धरायच्याच नाहीत. "आंघोळ कधी करतोस?" असं एकाला विचारलं, तर तो इमानदारीत नळाकडे पळाला. एकदा त्यांनी विचारलं, "मोठे गुरुजी कधी येतात?" सगळा वर्ग एकदम फाटकाकडे सुटला, आणि त्याच क्षणी मोठे गुरुजी सायकल ढकलत फाटकातून आत आले. तीस पोरं त्यांच्या अंगावर, "लेट! लेट!" ओरडत. सायकल एकीकडे, गुरुजी एकीकडे. बाईंनी छत्रीच्या टोकाने सायकल उचलायची खूण केली आणि म्हणाल्या, "उच्चार बरोबर हाय, वाक्य पूर्ण करा." हो, छत्री. बारा महिने त्यांच्या हातात छत्री असायची आणि ती उघडलेली मी एकदाही बघितली नाही. ती बोट दाखवायला होती.

स्पेलिंगसाठी जमिनीवर चौकोन आखलेले. एका अक्षराला एक चौकोन, लंगडी घालत जायचं. वेन्सडेमधला जो डी लिहायचा पण बोलायचा नाही, त्याच्यावर पाय पडला की बाद. अजूनही तो शब्द लिहिताना माझा डावा पाय टेबलाखाली जरा उचलला जातो. कुणी बघत नाही म्हणून बरं.

घड्याळसुद्धा जमिनीवरच. चुन्याचा गोल, बारा आकडे आणि काटे म्हणजे आम्ही. उंच पोरगा मिनिटकाटा, बुटकी पोरगी तासकाटा. बुटकी मी. मिनिटकाटा गोल गोल पळत सुटायचा आणि मी एका पावलाची वाट बघत उन्हात उभी. माझ्या पायांना मुंग्या यायच्या. एक दिवस मी भडकून म्हणाले, "मना बी पळाचा हाय!" बाई म्हणाल्या, "तू हललीस की शाळा सुटते. तो नुसता फिरतोय." त्या दिवशी मी तीनवरून पाचवर एकदम उडी मारली आणि खरोखरच दप्तर उचलून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाई रागावल्या नाहीत. "काल तू शाळा सोडलीस, आज भरव," म्हणून घंटा माझ्या हातात दिली.

मग महिने आले. गोल मांडलेले बारा दगड, प्रत्येकावर गेरूने नाव. "तुमचा वाढदिवस ज्या महिन्यात, त्या दगडावर जा. वन, टू, थ्री!" सगळा वर्ग जूनच्या दगडावर तुटून पडला. दगड केवढा? एक माणूस उभं राहील एवढा. गुडघे फुटले, एकीची वेणी दुसरीच्या हातात. आम्ही सगळे एक जूनचे होतो. पाड्यावर पोरं घरात नाहीतर कामावर जन्मायची, तारीख कोण लिहून ठेवतंय? शाळेत नाव घालायच्या वेळी मोठे गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे.

"सगळे एकाच दिवशी?" बाई ओरडल्या. "सुईणीनं काय टोकन वाटले होते?"

पण त्या अस्वस्थ झाल्या. ते आम्हाला कळलं, कारण त्या दिवशी त्यांनी डबा खाल्लाच नाही, नुसत्या व्हरांड्यात फिरत राहिल्या. आणि शाळा सुटल्यावर छत्री घेऊन घरोघर निघाल्या. पंधरा दिवस त्या रोज शाळेनंतर एकेका झोपडीसमोर उभ्या राहून विचारत होत्या, ही पोर कधी झाली? पाऊस होता का? भात कापलेलं होतं का? होळीच्या आधी का नंतर?

आमच्या दारात त्या आल्या तेव्हा आई जळणाची मोळी सोडत होती. आई लाजली. "कवाची म्हंजे... भट्टीवं गेलो न् तिसऱ्या बाजाराला ही झाली. थंडी पराया लागली व्हती. विटा थापीत व्हते, तथंच."

बाईंनी बोटांवर मोजलं. दिवाळी, मग भट्टी, मग तीन बाजार म्हणजे तीन आठवडे. "डिसेंबर," त्या म्हणाल्या.

"त्याचा काय बाई," आई म्हणाली, "पोर जगली ह्येच लय हाय."

दुसऱ्या दिवशी मी डिसेंबरच्या दगडावर एकटी उभी होते. काय रुबाब होता माझा! पण तिथे उभं राहून मला एक गोष्ट नको तेवढी स्पष्ट दिसली. डिसेंबरात मी कधीच शाळेत नसते.

आमच्याकडे भाताची कामं आटपली की घरंच्या घरं खाडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. पोरंही बरोबर. आईबाप विटा पाडणार, थोरली पोरं धाकट्यांना सांभाळणार. मी तिसरीत असताना सहा महिने भट्टीवर काढले आणि परत आले तेव्हा लंगडी घालायला चौकोन होते, पण अक्षरं पुसली गेली होती. माझ्या डोक्यातली म्हणतेय मी. आता चौथी होती. पुढची शाळा लांबच्या गावात. चौथीत जी पोर मागे राहिली ती पुन्हा शाळेचं तोंड बघायची नाही, हे मला माहीत होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं तसंच झालं होतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. आमचं निघणं चार दिवसांवर होतं. बाई नेहमीसारख्या प्रश्न फेकत होत्या. कुणाला नळ, कुणाला खांब. माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी सहज विचारलं, "भट्टीवर पुस्तक कधी उघडतेस?"

मी पळाले. व्हरांड्याच्या टोकापर्यंत. कुलपाला पाठ लावून उभी राहिले आणि ओरडले, "आय ओपन माय बुक नेव्हर!"

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या, आहे त्या जागी. बाईंना एका जागी उभं बघायची सवय नसल्यामुळे पोरंही गप्प झाली, आणि सगळ्या शाळेत शांतता पसरली. मला भीती वाटली, की मी काहीतरी मोडलं.

मोडलं बाईंनी, दुसऱ्या दिवशी. खिचडी करणाऱ्या मावशी चुलीपाशी होत्या. बाईंनी त्यांच्या हातातला ओला वरवंटा घेतला, ताडताड व्हरांड्याच्या टोकाला गेल्या आणि कुलपावर हाणला. पहिला घाव, दुसरा घाव. मोठे गुरुजी वर्गातून धावत आले, "बाई, वरून आदेश..." म्हणेपर्यंत तिसरा. कुलूप पडलं. आत कॉम्प्युटर खरंच होता, प्लास्टिकमध्ये, आणि त्याच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. बाईंनी खुर्चीवरची कळशी खाली उतरवली आणि खुर्चीवर कॉम्प्युटर बसवला. मग म्हणाल्या, "झाडू आणा. ज्यांचे आईबाप भट्टीवर जाणार ती पोरं आजपासून इथं राहतील."

मावशी आमच्याबरोबर झोपणार, दोन वेळचं त्याच रांधणार, तांदूळ बाई आणणार. ठरलं. आता घरच्यांना पटवायचं. माझा बा ऐकेना. "न्हाना कोन सांभालील? हिला शालंत ठेवून काय कलेक्टर कराची हाय?" बाई दारात येरझाऱ्या घालत होत्या, त्यांना बसायला टाकलेल्या फडक्यावर कुत्रं येऊन बसलं होतं. बोलली ती आई. इतका वेळ भांडी बांधत होती, ती न थांबता म्हणाली, "न्हान्याला मी पाठीशी बांधीन. ह्ये एक साल ऱ्हावं दे तिला."

बा भांड्यांच्या गाठोड्याला गाठ मारायला लागला. आई भट्टीवर निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत पळाले आणि टेम्पो दिसेनासा झाल्यावर बाईंना खूप शिव्या दिल्या, मनात, आमच्या बोलीत.

सहा पोरं राहिलो आम्ही त्या खोलीत. रडलो, मारामाऱ्या केल्या, मावशींच्या पदराला नाकं पुसली. डिसेंबरात एके दिवशी बाईंनी मला दगडावर उभं केलं आणि गुळाचा खडा दिला. माझा पहिला वाढदिवस. बाई मात्र दिवसेंदिवस आणखीच फिरत्या झाल्या. वर्गातून खोलीत, खोलीतून चुलीपाशी, पोरं मोजत. शिकवताना मध्येच रस्त्याकडे बघायच्या. शाळा तपासायला साहेब येणार होते.

मोठे गुरुजी वाटत होते तेवढे वाईट नव्हते. साहेबांना काय सांगायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं: कुलूप गंजलं होतं, आपोआप गळून पडलं. आम्हा पोरांनाही तसंच पढवलं. मी मान डोलावली होती. खरंच डोलावली होती.

साहेब आले, त्यांनी खोली बघितली, आमच्या गोधड्या बघितल्या, खुर्चीवरचा कॉम्प्युटर बघितला. माणूस दिसायला मवाळ होता. आवारात उभा राहून त्याने आम्हालाच विचारलं, "काय रे मुलांनो, हे कुलूप कुणी काढलं? आणि कधी?"

तो 'कधी' माझ्या कानात पडला आणि माझे पाय सुटले. दुसरं कारण मी देऊ शकत नाही. दीड वर्षं त्या शब्दावर आम्ही पळत होतो. मी पळत मागच्या भिंतीला, यस्टरडेला, हात लावला, साहेबांकडे तोंड केलं आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब इंग्रजी वाक्य एका दमात ओरडले: "बाई ब्रोक द लॉक आफ्टर दिवाली, बिफोर लंच!"

मोठ्या गुरुजींनी डोळे मिटले. साहेबांनी वहीत लिहिलं. आणि बाईंचा आवाज त्या टोकाकडून आला, "करेक्ट! व्हेरी गुड!"

महिन्याभरात त्यांच्या बदलीचा कागद आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, एस.टी. दिवसातून एकदा जाते अशा कुठल्या तरी गावी. खोलीला नवं कुलूप लावायला माणूस आला होता, पण मावशी उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "आधी ही सा पोरा तुज्या घरी ने, मंग लाव." तो कुलूप पिशवीत घालून गेला. आम्ही परीक्षेपर्यंत तिथेच राहिलो. मी चौथी पास झाले, पुढे दहावी झाले, बारावी झाले. पण बाईंच्या शेवटच्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली, त्या लांबच्या टोकाला असताना माझं नाव आलं, आणि मी 'हजर' म्हटलं नाही. त्यांनी दोनदा हाक मारली. मी खाली बघत बसले.

हे ओझं मी सतरा वर्षं वागवलं. गोडाऊनमध्ये स्क्रीनवर दिवसभर हेच शब्द असतात, लेट, टुमॉरो, बिफोर ट्वेल्व्ह, आणि मला एका जागी बसवत नाही. बसले की ते वाक्य आठवतं. बाईंना शोधायचं धाडस मात्र झालं नाही. शोधून सांगणार काय? तुमचं मी वाटोळं केलं, म्हणून?

गेल्या महिन्यात भिवंडीजवळ कोन गावात ट्रॅफिकमध्ये माझी रिक्षा अडकली होती. पुढे कुठेतरी एक बाई ट्रेलरवाल्यावर ओरडत होती. दिसत नव्हती, पण आवाज व्हरांड्याच्या टोकावरून यायचा तसाच. मी पैसे देऊन उतरले आणि पळाले. रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या, मिटलेल्या छत्रीने ट्रेलर मागे घ्यायला लावत होत्या. मी समोर गेले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"डिसेंबर," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला घरी नेलं. तिथेच एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेर लांब गॅलरी. मला त्यांनी बसवलं, स्वतः चहा घेऊन फिरत राहिल्या. मी धीर करून सगळं बोलले. साहेबांसमोर मी तसं ओरडायला नको होतं. तुमची बदली माझ्यामुळे झाली. मला माफ करा. बोलता बोलता मला रडू फुटलं. बाई चहाचा कप हातात घेऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांचाही चेहरा पडला.

"मलाच ते लागून राहिलंय गं," त्या म्हणाल्या. "तुझं वाक्य चूक होतं."

"चूक?" मी विचारलं.

"बिफोर लंच नव्हतं ते. वरवंटा धुतलेला होता, ओला. मावशी जेवणं उरकल्यावरच वरवंटा धुवायच्या. म्हणजे जेवणानंतर तोडलं मी कुलूप. आणि मी तुला करेक्ट म्हटलं! आयुष्यात चुकीच्या उत्तराला मी एवढं एकदाच करेक्ट म्हटलं. तू एवढं लांब वाक्य कुठं अडखळली नाहीस, मला राहवलंच नाही. नंतर म्हटलं, पोरगी तेच घेऊन जाईल जन्मभर."

"बाई, तुमची बदली..."

"ती व्हायचीच होती. कुलूप तोडलं होतं मी, काय नारळ फोडला नव्हता. तिकडंही दोन खोल्या बंद होत्या." त्यांनी कप ठेवला. "पुन्हा म्हण. नीट म्हण."

मी डोळे पुसले आणि म्हणाले, "बाई ब्रोक द लॉक आफ्टर लंच."

"बसून?" त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि गॅलरीच्या लांबच्या टोकाकडे दाखवली.

मी उठले. गोडाऊनचं ओळखपत्र गळ्यात, पायात कामाचे बूट, चाळीस माणसांची इनचार्ज. मी त्या गॅलरीतून पळत गेले, टोकाच्या कठड्याला हात लावला, वळले आणि सगळ्या जोरानिशी ओरडले. अख्खी बिल्डिंग घुमली. दोन दारं उघडली. खालून कुणीतरी मान वर करून हाक दिली, "अरे क्या हुआ? कौन तोडा? क्या तोडा?"

बाई कठड्यावरून खाली वाकल्या.

"ताला!" त्या ओरडल्या. "मैंने तोडा!"